औयुइत्तुक राष्ट्रीय उद्यान

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात बॅफिन बेटावरचं हे उद्यान, क्षेत्रफळ सुमारे १९,०८९ चौ. किमी, बराचसा भाग आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला. आत पेनी आइस कॅप हे सुमारे ६,००० चौ. किमीचं बर्फाचं आवरण आहे, हिमयुगात उत्तर अमेरिकेवर पसरलेल्या लॉरेंटाइड हिमस्तराचा तो उरलेला तुकडा मानतात. स्थापनेचं साल कुठे १९७२ तर कुठे १९७६ दिलेलं असतं. जमीन आधी राखून ठेवली आणि कायद्याने राखीव उद्यान १९७६ ला झालं असं धरणं जास्त बरोबर वाटतं. पूर्ण राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा २००१ चा.

गिर्यारोहक येतात ते मुख्यतः माउंट थॉरसाठी (१,६७५ मी). त्याच्या पश्चिम कड्याचा ड्रॉप १,२५० मी आणि सरासरी कोन १०५ अंश सांगतात, म्हणजे सरळ उभ्या रेषेच्याही १५ अंश बाहेर झुकलेला, आणि त्यावरून जगातला सगळ्यात मोठा उभा कडा कोणता हा वाद सुरू होतो. काराकोरममधल्या ग्रेट ट्रँगो टॉवरचा पूर्व कडा १,३४० मीचा आहे पण तो 'जवळजवळ उभा', थॉरचा मात्र ओव्हरहँग, त्यामुळे दोन्ही एकाच यादीत घालणंच चुकीचं आहे. दगड खूप प्राचीन, प्रीकॅम्ब्रियन काळातला (५० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा), कडे तासले ते हिमनद्यांनी. थॉरच्या पहिल्या चढाईबद्दलही एकमत नाही. पॅट बेअर्ड यांच्या १९५३ च्या मोहिमेला काहीजण श्रेय देतात, पण नोंद असलेली चढाई १९६५ ची, लायमन स्पिट्झर आणि डोनाल्ड मॉर्टन यांची, तीच धरावी (हे स्पिट्झर म्हणजे अवकाश दुर्बिणीची कल्पना मांडणारे खगोलशास्त्रज्ञच!). पश्चिम कडा मात्र १९८५ मध्ये सर झाला, अमेरिकन टीमला ३३ दिवस लागले.

सपाट माथ्याच्या दोन सुळक्यांचा माउंट अस्गार्ड (२,०१५ मी) १९५३ मध्येच स्विस मंडळींनी सर केला होता.

चालणाऱ्यांसाठी अक्षायुक खिंड, ९७ किमी, दक्षिणेला पँगनिरटंग आणि उत्तरेला किकिक्तारजुआक ही गावं. रस्ता नाहीच, पँगनिरटंगहून उद्यानाच्या तोंडापर्यंत सुमारे ३० किमी, फिओर्डमधून (कड्यांमधल्या समुद्राच्या अरुंद फाट्यातून) उन्हाळ्यात बोटीने नाहीतर बर्फ असताना स्नोमोबाईलने, आणि बर्फ फुटायला लागला की मधले काही आठवडे दोन्ही बंद. आत जायच्या आधी रजिस्ट्रेशन आणि माहितीसत्र सक्तीचं, बाहेर आल्यावर पुन्हा नोंद करायची. ध्रुवीय अस्वलं आहेत पण सामान्य पर्यटकाला बंदूक नेता येत नाही, इथल्या मूळ रहिवासी इनुइटांपैकी जमीन-हक्क कराराच्या लाभधारकांना येते. लोक अस्वलाची भीती घेऊन येतात पण नद्यांना हलक्यात घेतात, हे अगदी चूक आहे. हिमनद्यांचं पाणी दुपारनंतर चढतं म्हणून ओलांडायचं ते पहाटे, आणि पाणी उतरत नसेल तर तंबू ठोकून थांबायचं, त्यासाठी जास्तीचे दिवस आणि जास्तीचा शिधा हवाच. खिंडीत आणीबाणीसाठी छोट्या झोपड्या आहेत. वारा इतका असतो की तंबूला दगडांचा आडोसा करावाच लागतो, आणि हवा बिघडली तर मदत यायला काही दिवससुद्धा लागू शकतात.