जंतू मरावेत, बूट वाचावेत: भिजलेल्या चामड्याचे विज्ञान

तळघरात पाणी शिरून चामड्याचे बूट भिजले की दोन सल्ले हमखास मिळतात: ब्लीचने पुसून काढा आणि हीटरसमोर ठेवून झटपट वाळवा. पहिल्याने जंतू मरतात आणि दुसऱ्याने ओल जाते, हे खरेच आहे. पण दोन्हींनी बुटांचेही नुकसान होते, कारण चामडे हे मुळात प्रथिन आहे. जंतूंचा कारभारही प्रथिनांवरच चालत असल्याने, प्रथिनांची मोडतोड करून जंतू मारणारा उपाय चामड्यालाही सोडत नाही.

त्याआधी पाणी कोणते होते, हे पाहावे. फुटलेल्या नळाचे स्वच्छ पाणी असेल आणि बूट लवकर बाहेर काढले असतील, तर ते वाचवण्यासारखे असतात. मैलापाणी असेल, तर हिपॅटायटिस ए आणि नोरोव्हायरससारखे विषाणू तसेच काही जिवाणूंचे चिवट बीजाणू (जाड कवचातली सुप्त रूपे) अस्तरात, फोममध्ये आणि शिवणींत मुरलेले असतात आणि वरून लावलेले औषध तिथपर्यंत पोहोचत नाही. अशा पाण्यात मुरलेले बूट टाकून द्यावेत. ज्यांच्या पायाला जखम आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांनी तर याबाबत तडजोड करूच नये.

चामड्यातले प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याच्या एका रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून बसलेल्या असतात. रेणूची लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर, तर जाडी जेमतेम दीड नॅनोमीटर. असे असंख्य रेणू मिळून तंतू आणि तंतूंच्या जुड्या बनतात. कातडे कमावताना वनस्पतींतील टॅनिन किंवा क्रोमियमचे क्षार या रेणूंना एकमेकांशी बांधतात. ओले कच्चे कातडे साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आक्रसते, टॅनिनने कमावलेले ७५ ते ८५ अंशांना, तर क्रोमने कमावलेले बहुधा १०० अंशांच्या आसपास किंवा त्यापुढे. या मर्यादेपलीकडे पीळ सुटतो आणि कोलॅजेनचे जिलेटिन होऊ लागते, ते पुन्हा पूर्ववत होत नाही. हीटरला टेकवलेल्या बुटाच्या टोकाशी टॅनिनच्या चामड्याची मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि सोल चिकटवणारा गोंद तर त्याआधीच मऊ पडतो.

परंतु मर्यादेच्या बरेच खाली वाळवलेले चामडेही लाकडासारखे ताठ होते, आणि मला सर्वांत रंजक वाटते ते याचे कारण. ओल्या चामड्यात तंतूंमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात. पाणी उडू लागले की फटीच्या तोंडाशी त्याचा पृष्ठभाग आतल्या बाजूला वळतो आणि पृष्ठताणामुळे आतल्या पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. फट नळीसारखी मानली, तर पृष्ठताणाच्या दुपटीला नळीच्या त्रिज्येने भागले की हा फरक मिळतो. पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर धरल्यास, एक मायक्रोमीटर त्रिज्येला तो सुमारे १.४ वातावरण (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा नेहमीचा दाब) येतो, ०.१ मायक्रोमीटरला १४, आणि १० नॅनोमीटरला १४०च्या वर. फट जितकी अरुंद तितकी ओढ अधिक. ओढीने भिंती जवळ आल्या की फट आणखी अरुंद होते आणि ओढ पुन्हा वाढते. रंगाचा ब्रश पाण्यात असताना त्याचे केस सुटे असतात आणि बाहेर काढताच एकवटतात, त्यामागेही हीच ओढ असते. शेवटचे पाणी गेल्यावर एकमेकांना टेकलेल्या तंतूंमध्ये हायड्रोजन बंध जुळतात आणि ते चिकटूनच राहतात. एरवी कमावताना मुरवलेले तेल त्यांना सुटे ठेवते, पण पुराच्या पाण्याने आणि साबणाने त्यातले काही धुऊन गेलेले असते.

इथे चौकस वाचक विचारेल की ओढ तर सावकाश वाळवतानाही तेवढीच असते, मग घाई नडते कशी? घाईत बाहेरचा थर आधी आक्रसतो, आतला फुगलेलाच राहतो आणि त्या ताणाने वरच्या थराला तडे जातात. सावकाश वाळवताना आतबाहेर फारशी तफावत पडत नाही. शिवाय मधूनमधून बूट हाताने वाकवून चिकटू पाहणारे तंतू सोडवता येतात. चामड्याच्या कारखान्यांत वाळवलेले चामडे यंत्राने ठोकून आणि ताणून मऊ करतात, तेही याचसाठी. संग्रहालयांत तर पाण्यात सापडलेले प्राचीन चामडे गोठवून निर्वातात वाळवले जाते. बर्फाची थेट वाफ होत असल्याने पाण्याचा वक्र पृष्ठभाग तयार होत नाही आणि ओढीचा प्रश्नच मिटतो.

घरी मात्र नाड्या आणि आतले सुटे सोल काढून, बुटात कोऱ्या कागदाचे बोळे भरून, ते सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावेत आणि बोळे ओले होताच बदलावेत. आर्मेनियातील आरेनी गुहेत सापडलेल्या सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीच्या चामडी बुटातही गवत भरलेले होते. ते उबेसाठी की आकार टिकावा म्हणून, हे संशोधकांना ठरवता आलेले नाही. फार रेंगाळणेही बरे नव्हे, कारण ओल्या चामड्यावर एकदोन दिवसांत बुरशी धरू शकते.

वाळवण्याआधी मात्र हातमोजे घालून कोमट पाणी आणि थोड्या सौम्य साबणाने आतबाहेरचा चिखल काढावा. चिखलातले सेंद्रिय पदार्थ जंतुनाशक वाया घालवतात. ब्लीच अल्कधर्मी असते आणि त्यातला क्लोरीन कोलॅजेनच्या अमिनो गटांवरच हल्ला करतो; म्हणून ते फक्त रबरी सोलला लावावे, आणि व्हिनेगर किंवा अमोनियाशी कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. चामड्यासाठी ७० टक्के अल्कोहोल त्यातल्या त्यात बरे. जंतूचे प्रथिन उलगडायला पाणीही लागते, म्हणून शुद्ध अल्कोहोलपेक्षा हे मिश्रण अधिक परिणामकारक ठरते. कमावलेले, बांधलेले कोलॅजेन त्याचा अल्प स्पर्श सोसते. तरी ते तेल आणि रंग ओढते, तेव्हा आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे आणि ज्योतीपासून दूर राहावे. बीजाणू त्याने मरत नाहीत. लेप्टोस्पायरासारखे जिवाणू मात्र नुसत्या कोरडेपणानेही मरतात, त्यामुळे नीट वाळवणे हेही निर्जंतुकीकरणच आहे.

बूट निर्जंतुक करणाऱ्या अतिनील दिव्यांची जाहिरात जोरात असते, पण तो प्रकाश जिथे पडतो तिथेच काम करतो, सुरकुतीच्या आत नाही. ‘९९.९ टक्के जंतू नष्ट’ या दाव्याचा हिशेबही करून पाहावा: एक कोटीतले दहा हजार उरतातच. वास गेला म्हणजे जंतू गेले असेही नाही. सुगंधी फवारा फक्त नाकाची समजूत घालतो.

बूट वरून कोरडा दिसला तरी हाताची मागची बाजू आत टेकवून पाहावी. गार लागले तर बाष्पीभवन अजून चालू आहे. गारवा जेमतेम जाणवत असताना चामड्याचे तेल किंवा कंडिशनर अगदी पातळ लावावे, म्हणजे उरलेल्या ओलीबरोबर ते तंतूंमध्ये शिरते. जास्त लावल्यास बुरशीला खाद्य मिळते. त्यानंतर बूट रोज वजनकाट्यावर ठेवावा आणि वजन घटायचे थांबेपर्यंत तो पायात घालू नये.