चढ आणि उंची: लेहला सायकल नेण्याआधी

"दर रविवारी सिंहगड मारतो, मनाली-लेह जमेल ना?" उन्हाळा लागला की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. पायांपुरतं विचारत असाल, तर बहुतेक जमेल. गडबड आहे ती चढ आणि उंची या दोन गोष्टी एकच मानण्यात.

चढ म्हणजे किती अंतरात किती मीटर वर गेलात. उंची म्हणजे समुद्रसपाटीपासून आत्ता कुठे आहात. चढ मांड्यांना कळतो. उंची फुप्फुसांना, डोक्याला, भुकेला आणि झोपेला.

सिंहगडाच्या पायथ्यापासून वर नऊएक किलोमीटर, चढ साधारण सहाशे मीटर, माथा १,३०० मीटरच्या आसपास. आता मनाली-लेह रस्त्यावरचा टांगलांग ला घ्या ('ला' म्हणजे खिंड). मोरे मैदान संपल्यावर वीसेक किलोमीटरांत चढायचं पाच-सहाशे मीटरच. म्हणजे कागदावर सिंहगडापेक्षा निम्म्याने सोपा घाट! पण माथा ५,३०० मीटरवर, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. सिंहगडावर गप्पा मारत चढणारा गडी तिथे पाणी प्यायला थांबतो. दोन घोट गिळताना श्वास रोखला जातो, आणि तेवढी उधारी फेडायला मिनिटभर हँडलवर कपाळ टेकून उभा राहतो.

उलट बाजूने पाहायचं तर फ्रान्सचा आल्प द्युएझ. १३.८ किलोमीटर, सरासरी आठ टक्क्यांचा चढ, एकवीस वळणं, आणि माथा फक्त १,८५० मीटरच्या आसपास. हा निव्वळ चढ. मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सची वळणंही एकवीसच, पण ती सुरू होतात ४,२०० मीटरच्या आसपास. चढ पाचशे मीटरच्या आत, तोही सौम्य. वळणांवर एक छोटंसं देऊळ आहे, तिथे गाडीवाले पाण्याच्या बाटल्या वाहतात. थंडीत अडकून मेलेल्या क्लीनरचं भूत तहानलेलं आहे म्हणे. खरं-खोटं ठाऊक नाही, पण तिथवर सायकल रेटल्यावर भुताची तहान पटते.

फरक इतका ताणून सांगण्याचं कारण तयारी. चढाला औषध आहे: सराव, मागे मोठी कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच), सामान कमी. हे सगळं पुण्यात-नाशकात बसून करता येतं. उंचीला सराव चालत नाही, तिथे वर काढलेल्या रात्रीच लागतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, असं डॉक्टर सांगतात. लक्ष द्या, झोपायची जागा. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरलात तर ती उंची तितकी बाधत नाही.

त्यामुळे आखणीच्या कागदावर रोजचे किलोमीटर आणि एकूण चढ लिहिता, त्याच्या शेजारी रात्रीची उंची लिहा. मनाली दोन हजार, जिस्पा ३,२००, सरचू ४,३००, पांग ४,६००. जिस्पाहून थेट सरचू म्हणजे एका रात्रीत अकराशे मीटरची उडी. जिस्पात दोन रात्री काढा, मधल्या दिवशी सामान न घेता वर जाऊन परत या, मध्ये आणखी एक मुक्काम टाका. तरी नियम मोडतोच, पण कमी मोडतो. तुलनेत श्रीनगरकडून येणारा रस्ता दयाळू: झोजी ला ३,५०० मीटर, कारगिल २,७००, सर्वांत उंच फोटू ला ४,१०० मीटर. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तोच सुचवतो, आणि बहुतेक जण ऐकत नाहीत, कारण फोटोत मनालीवाला रस्ता भारी दिसतो.

मनालीपुढे रोहतांग खिंडीखालून जाणाऱ्या अटल बोगद्याबद्दलही हाच घोळ. २०२० मध्ये तो सुरू झाल्यापासून "रोहतांग टळला, रस्ता सोपा झाला" असं ऐकतो. सायकली टेम्पोत टाकून बोगद्यातून सिस्सूला उतरलात तर चढ नक्की वाचतो. उंची वाचत नाही. उलट रोहतांगला घाम गाळताना शरीर जुळवून घ्यायला जो वेळ घ्यायचं, तोच गेला.

सरचूची रात्र मी स्वतः घाईत घेतली आहे. डोळा लागला की श्वास थांबल्यासारखा व्हायचा आणि दचकून जाग यायची. तंबूच्या कापडावर वारा, कपाळात ठणका, समोरच्या मॅगीकडे बघवेना. पाय मात्र ताजे होते, हीच गंमत. डोकेदुखी, मळमळ असेल तर आणखी वर जायचं नाही आणि वाढत असेल तर खाली उतरायचं, हे पाठ होतं. पण सरचूतून खाली जायचं कुठे? मागे ४,८९० मीटरचा बारालाचा, पुढे पाच हजारांवरचा लाचुलुंग. उतरायचं म्हटलं तरी आधी चढावंच लागतं.