समितीने नाकारलं म्हणजे विधेयक रद्द?

दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी ग्रुपवर अधिवेशन आलं की एक मेसेज फिरतो: ‘संसदीय समितीने नाकारलं की विधेयक रद्द होतं.’

तसं होत नाही. एकेका खात्याचं काम पाहणाऱ्या संसदेच्या स्थायी समितीत ३१ खासदार असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. ते विधेयक कलमवार तपासतात, तज्ज्ञांना बोलावतात, लोकांच्या सूचना ऐकतात. पण त्यांचा अहवाल ही शिफारस असते, सरकारवर बंधनकारक नाही. निर्णय सभागृहातच होतो. शिवाय प्रत्येक विधेयक समितीकडे जातंच असंही नाही.

खात्री करायची तर संसदेच्या संकेतस्थळावर अहवाल उघडा. त्याच्या शेजारी, सभागृहात आधी मांडलेलं आणि नंतर मंजूर झालेलं विधेयक ठेवा. कुठली शिफारस घेतली, कुठली राहिली, ते कलमागणिक दिसतं. असहमत सदस्यांची टिपणंही अहवालाला जोडलेली असतात. ती जरूर वाचा, खरा वाद तिथे कळतो.