ट्रान्सफर पदवीच्या अभ्यासक्रमाची तपासणी: कॅलिफोर्नियातल्या व्यवस्थेची पार्श्वभूमी

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या दोन महाविद्यालयांत, ती स्वायत्त नसतील तर, द्वितीय वर्ष बी.एस्सी.ला एकच अभ्यासक्रम शिकवला जातो. तो विद्यापीठाचं अभ्यासमंडळ ठरवतं, आणि महाविद्यालय बदललं तरी झालेला पेपर वाया जाईल अशी भीती विद्यार्थ्याला नसते. कॅलिफोर्नियात हे गणित उलटं आहे. तिथे ११६ सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि प्रत्येक कॉलेज आपला कोर्स स्वतः लिहितं. कोर्सचं नाव, क्रमांक, युनिट (म्हणजे क्रेडिट) आणि पूर्वअट सगळं त्या कॉलेजातले प्राध्यापक ठरवतात. दोन वर्षांनी विद्यार्थी तिथून कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (सीएसयू) किंवा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) या दोन व्यवस्थांपैकी एकीत तिसऱ्या वर्षाला जातो. त्याने केलेलं काम तिथे मोजलं जाईल की नाही, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. ट्रान्सफर पदवीचा अभ्यासक्रम आज प्राध्यापकच तपासतात, ती तपासणी त्याच प्रश्नातून उभी राहिली.

माध्यमिक शाळांना बारावीनंतरचे वर्ग चालवण्याची परवानगी देणारा कायदा कॅलिफोर्नियाने १९०७ साली केला. १९१० मध्ये फ्रेस्नोत पहिलं ज्युनिअर कॉलेज सुरू झालं (आपल्याकडचं अकरावी-बारावीचं नव्हे; यांनाच आज कम्युनिटी कॉलेज म्हणतात). मुलांना घराजवळ पहिली दोन वर्षं करता यावीत आणि पुढची दोन विद्यापीठात, ही कल्पना तेव्हापासूनची. राज्याच्या उच्च शिक्षणाच्या १९६० च्या आराखड्याने, म्हणजे मास्टर प्लॅनने, तिला चौकट दिली. यूसीने शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के घ्यावेत, स्टेट कॉलेजांनी (आजच्या सीएसयूने) वरचे एक तृतीयांश घ्यावेत आणि ज्युनिअर कॉलेजं सर्वांना खुली राहावीत, असं ठरलं. ट्रान्सफर होऊन येणाऱ्यांना जागा उरावी म्हणून विद्यापीठांत वरच्या दोन वर्षांचे आणि खालच्या दोन वर्षांचे विद्यार्थी ६०:४० या प्रमाणात ठेवण्याची शिफारसही त्यात होती. जागांचा विचार असा झाला, पण खालच्या दोन वर्षांत नेमकं काय शिकवलेलं असावं हे त्या आराखड्याने ठरवलं नाही. ते काम कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यातल्या जोडीजोडीच्या करारांवर सोपवलं गेलं.

या करारांना आर्टिक्युलेशन म्हणतात. कॉलेजातला आर्टिक्युलेशन ऑफिसर कोर्सची अधिकृत रूपरेषा (कोर्स आउटलाइन ऑफ रेकॉर्ड) विद्यापीठाकडे पाठवतो आणि विद्यापीठातला विभाग तो कोर्स आपल्या अमुक कोर्सच्या बरोबरीचा आहे की नाही ते कळवतो. शंभराहून अधिक कॉलेजं एकीकडे, सीएसयूचे वीसहून अधिक कॅम्पस दुसरीकडे आणि प्रत्येक ठिकाणी डझनांनी विषय असल्यामुळे हे करार हजारोंच्या घरात गेले. त्यात सगळे कॅम्पस सारखं मागत नसत. सोशिऑलॉजीसाठी एक कॅम्पस संख्याशास्त्र मागे, तर दुसरा ते तिसऱ्या वर्षात स्वतः शिकवे. तीन कॅम्पसना अर्ज करणारा विद्यार्थी तिघांची तयारी एकदम करी आणि साठऐवजी सत्तर-ऐंशी युनिट घेऊन बसे. त्यांतली काही पुढे कशातच मोजली जात नसत.

त्यावर तोडगे निघाले होते. कॅन नावाची समान क्रमांकांची पद्धत १९८० च्या दशकात आली आणि २००५ च्या सुमारास बंद पडली. सामान्य शिक्षणासाठी, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या सक्तीच्या कोर्ससाठी, १९९१ पासून आयजीईटीसी हा समान साचा लागू झाला आणि तो टिकला. नंतर सीएसयूने स्वतःच्या बाजूने खालच्या वर्गांचे नमुने आणि टीसीएसयू क्रमांक काढून पाहिले. ते फारसे रुजले नाहीत. कारण उघड होतं. एका व्यवस्थेने कोर्स लिहायचा आणि निकाल एकट्या दुसरीने द्यायचा, तर पहिलीतले प्राध्यापक त्याला आपलं मानत नाहीत. कम्युनिटी कॉलेजच्या प्राध्यापकांना तर अभ्यासक्रमावर कायद्यानेच अधिकार आहे. १९८८ च्या एबी १७२५ या कायद्यानंतर राज्याच्या नियमावलीत (टायटल ५, कलम ५३२००) अभ्यासक्रम, पूर्वअटी, पदवीच्या अटी, गुणदान अशा दहा बाबी आणि वर एक खुली बाब अॅकॅडमिक सेनेटच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रतिनिधी मंडळाच्या, कक्षेत आल्या. प्राध्यापक याला ‘दहा अधिक एक’ म्हणतात. कॉलेजच्या विश्वस्त मंडळाला या बाबींत सेनेटच्या सल्ल्यावर भर द्यावा लागतो किंवा परस्पर सहमती करावी लागते. राज्यभर समान कोर्स हवे असतील तर ते प्राध्यापकांनीच लिहायला हवेत, हा आग्रह इथून येतो. त्यातूनच २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात सी-आयडी आली. कॉलेजने आपला स्थानिक क्रमांक ठेवायचा आणि त्याला जोडून राज्याचा एक क्रमांक मिळवायचा, अशी ती पद्धत. उदाहरणार्थ, मानसशास्त्राची ओळख म्हणजे ‘पीएसवाय ११०’.

२९ सप्टेंबर २०१० रोजी गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी एसबी १४४० या विधेयकावर सही केली. विधेयक सिनेटर अॅलेक्स पडिया यांचं होतं. २०११-१२ पासून ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ (एडीटी) ही कम्युनिटी कॉलेजची नवी दोन वर्षांची पदवी सुरू झाली. तिच्या अटी मोजक्या होत्या: ६० सेमिस्टर युनिट किंवा ९० क्वार्टर युनिट (काही कॉलेजांत वर्ष दोन सेमिस्टरांऐवजी तीन क्वार्टरांत विभागलेलं असतं), त्यांतली किमान १८ सेमिस्टर युनिट मुख्य विषयाची, सामान्य शिक्षणाचा मान्य साचा पूर्ण आणि किमान २.० ग्रेड सरासरी. कॉलेजला यावर व्यायामाचा किंवा संगणक साक्षरतेचा एखादा स्थानिक कोर्स सक्तीने लादता येत नाही. बदल्यात सीएसयूने प्रवेशाची आणि समकक्ष विषयात उरलेल्या ६० युनिटमध्ये पदवी पूर्ण होईल याची हमी दिली. ही हमी सीएसयू या व्यवस्थेत प्रवेशाची आहे. हव्या त्या कॅम्पसची नाही आणि गर्दीच्या विषयाचीही नाही. कुटुंबांचा सर्वात मोठा गैरसमज इथेच होतो. फ्रीमाँट, कुपर्टिनो, सॅन होजे भागातल्या बऱ्याच मराठी घरांत मुलांनी सॅन होजे स्टेट या सीएसयूच्या कॅम्पसचा संगणकशास्त्र विभाग गृहीत धरलेला असतो, आणि पदवी हाती असूनही तिथे जागा मिळत नाही.

कायद्याने पदवीची चौकट दिली, पण तिच्यात कोणते कोर्स असावेत हे सांगितलं नाही. प्रत्येक कॉलेजने आपापली एडीटी रचली असती, तर जुनाच गोंधळ नव्या नावाने परतला असता. दोन्ही व्यवस्थांच्या अॅकॅडमिक सेनेटांनी मिळून ‘ट्रान्सफर मॉडेल करिक्युलम’ (टीएमसी) काढला तो या वेळी, आणि आमच्या मते सगळ्या इतिहासातला हाच निर्णायक क्षण आहे. टीएमसी म्हणजे एका विषयाचा राज्यव्यापी सांगाडा. त्यात सर्वांना सक्तीचा गाभा असतो आणि मग यादी ए, बी, सी. खाली जावं तसा कॉलेजचा वाव वाढतो. मानसशास्त्राच्या गाभ्यात मानसशास्त्राची ओळख, संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती हे तीन कोर्स आहेत. संशोधन पद्धतीला आधीचे दोन्ही कोर्स पूर्वअट असल्याने पहिल्या सेमिस्टरला संख्याशास्त्र राहिलं तर साखळी एका सेमिस्टरने लांबते. अनेक लहान कॉलेजांत संशोधन पद्धतीचा वर्गच नव्हता. तो नव्याने लिहावा लागला आणि शिकवायला माणूस शोधावा लागला.

टीएमसी लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या गटाला एफडीआरजी म्हणतात: त्या विषयाचा प्राध्यापक पुनरावलोकन गट. त्यात कम्युनिटी कॉलेज आणि सीएसयू या दोन्हींचे प्राध्यापक असतात आणि यूसीच्या प्राध्यापकांनाही जागा असते. आधी विषयाच्या खुल्या बैठकीत मुद्दे गोळा होतात, मग गट मसुदा करतो, तो राज्यभरातल्या प्राध्यापकांकडे अभिप्रायाला जातो आणि सूचनांनुसार फिरून लिहिला जातो. त्यानंतर दोन्ही व्यवस्थांचा संयुक्त अभ्यासक्रम गट तो पाहतो आणि शेवटी कम्युनिटी कॉलेज चॅन्सेलरचं कार्यालय (सगळ्या कॉलेजांचं राज्यस्तरीय कार्यालय) त्यावरून भरायचा तक्ता काढतं. कोर्सचे सी-आयडी वर्णनपत्रही गटच लिहितो. किमान युनिट, पूर्वअट, आशय, उद्दिष्टं, मूल्यमापनाच्या पद्धती आणि नमुन्याची पाठ्यपुस्तकं त्यात असतात. साधारण पाच वर्षांनी टीएमसी आणि वर्णनपत्र पुन्हा उघडून पाहायचं, हा क्रम ठरला.

मग कॉलेजची रूपरेषा त्या वर्णनपत्राशी ताडून पाहिली जाते. निकाल तीन प्रकारचा असतो: मंजूर, सशर्त मंजूर, नामंजूर. नामंजुरीची कारणं बहुतेकदा शिकवण्यातल्या दोषाची नसतात, कागदावरच्या उणिवेची असतात. वर्णनपत्रात दहा घटक असतील आणि रूपरेषेत नऊच लिहिले असतील, तर दहावा वर्गात शिकवला जातो हे तपासणाऱ्याला कळायला मार्ग नाही. प्रयोगशाळेचे तास व्याख्यानात मिसळून लिहिलेले असतात. पूर्वअट ‘शिफारस’ म्हणून टाकलेली असते, जिथे वर्णनपत्र ती सक्तीची मागतं. पाठ्यपुस्तक दहा वर्षं जुनं असतं, आणि सात वर्षांहून जुनं पुस्तक पाहिलं की तपासणाऱ्याच्या मनात शंका येतेच. ज्या पुस्तकाला क्षेत्रात मानाचं स्थान आहे, त्याच्यापुढे तसं स्पष्ट नोंदवलं तर तेवढा आक्षेप टळतो. राज्याच्या नियमाप्रमाणे पूर्वअटींचा फेरविचार दर सहा वर्षांनी आणि व्यावसायिक कोर्सच्या बाबतीत दर दोन वर्षांनी करावा लागतो. तो चुकलेला असेल तर रूपरेषा एकंदरीत शिळी झाल्याचं लक्षात येतं.

सगळ्यात चिवट अडचण युनिटची. टीएमसी धरतो की कॅल्क्युलसचा कोर्स चार युनिटचा आहे. काही कॉलेजांत तो पाचचा आहे, आणि त्यामागे शिकवण्याचं खरं कारण असतं: कच्च्या पायाच्या मुलांना जास्त तास हवेत. पण तीन कॅल्क्युलस मिळून तीन युनिट वाढतात, फिजिक्सचे तीन कोर्सही पाचचे असतील तर आणखी तीन, आणि ६० ची मर्यादा ओलांडली जाते. मग एक तर युनिट कापायचं, नाही तर त्या विषयात एडीटी द्यायचीच नाही. अभियांत्रिकीचं तर मुळातच बसत नव्हतं. कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, फिजिक्स, केमिस्ट्री आणि वर सामान्य शिक्षण ६० मध्ये मावत नाही, म्हणून त्या विषयाला टीएमसीऐवजी पदवीच्या हमीविना ‘मॉडेल करिक्युलम’ करण्यात आला. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रासाठी सामान्य शिक्षणाचे काही कोर्स ट्रान्सफरनंतर करण्याची सवलत निघाली.

क्वार्टर पद्धतीत आणखी एक पेच आहे. डी अँझा कॉलेजात कॅल्क्युलस चार क्वार्टरांत विभागलेला आहे, सेमिस्टरच्या कॉलेजांत तीन सेमिस्टरांत. मधेच कॉलेज बदललं तर घटकांचे तुकडे जुळत नाहीत आणि अर्धा कोर्स परत करावा लागतो. साखळी सुरू केली तिथेच संपवावी, हा सल्ला म्हणूनच दिला जातो.

२०१३ च्या एसबी ४४० या कायद्याने, कॉलेज ज्या विषयांत पदवी देतं त्यांपैकी टीएमसी असलेल्या विषयांत एडीटी देणं कॉलेजांवर बंधनकारक केलं. पदव्यांची संख्या झपाट्याने वाढली, तपासणारे हात मात्र तेवढे वाढले नाहीत. रूपरेषा रांगेत पडून राहू लागल्या आणि विषयाचा तपासणारा मिळत नाही म्हणून एखादा कोर्स महिनोन्‌महिने अडकू लागला. यूसी या कायद्यांच्या बाहेरच राहिली, कारण राज्यघटनेने तिला स्वायत्तता दिली आहे आणि विधिमंडळ तिला बहुतेक वेळा विनंतीच करू शकतं. तिने २०१५ पासून स्वतःचे ट्रान्सफर पाथवे काढले. ते टीएमसीशी पूर्ण जुळत नाहीत, म्हणून दोन्हीकडे अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याची दुहेरी तयारी अजूनही सुटलेली नाही.

सध्याची धावपळ २०२१ च्या दोन कायद्यांमुळे आहे. दोन्ही विधेयकं असेंब्ली सदस्य मार्क बर्मन यांची. एबी ९२८ ने सीएसयू आणि यूसी दोन्हींसाठी सामान्य शिक्षणाचा एकच साचा मागितला. त्यातून कॅल-जीईटीसी तयार झाला आणि २०२५ च्या फॉल (शरद) सत्रापासून लागू झाला. तो ३४ युनिटचा आहे. सीएसयूच्या जुन्या साच्यात ३९ होती. यात तोंडी संवादाचा कोर्स सर्वांना सक्तीचा झाला, एथनिक स्टडीजची (वांशिक समुदायांच्या अभ्यासाची) स्वतंत्र जागा कायम राहिली आणि सीएसयूचा ‘आजीवन शिक्षण’ हा विभाग गळला. त्या विभागात विद्यार्थी मिळवणाऱ्या आहारशास्त्र, आरोग्य आणि समुपदेशनाच्या कोर्सना याचा थेट फटका बसतो. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या टीएमसीला पुरावा आणि कारण दिल्यास सहा युनिट जास्त, म्हणजे ६६ पर्यंत जाण्याची वाटही याच कायद्याने उघडली. अडलेल्या विषयांचे गट त्यामुळे पुन्हा कामाला लागले.

एबी ११११ ने त्याहून मोठं काम दिलं: क्रमांक जोडून भागणार नाही, कॉलेजच्या कॅटलॉगातच समान क्रमांक आणि समान नाव हवं. पहिले सहा कोर्स २०२५ च्या फॉलमध्ये आले. त्यांत इंग्रजीचे दोन आणि संवाद, राज्यशास्त्र, मानसशास्त्र व संख्याशास्त्र यांचा प्रत्येकी एक कोर्स आहे. ‘इएनजीएल सी १०००’ मधला ‘सी’ म्हणजे समान. रूपरेषेचे आता दोन थर आहेत. समान थरातला शब्द कॉलेजने बदलायचा नाही, स्थानिक थरात भर घालता येते. त्या सहा कोर्सपैकी एखादा ज्या टीएमसीत आहे, तिथे जुना क्रमांक काढून नवा बसवावा लागतो, आणि ज्या स्थानिक कोर्सची ती पूर्वअट आहे त्याची रूपरेषाही उघडावी लागते. एकट्या संख्याशास्त्रामुळे मानसशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंतची कागदपत्रं हलतात.

वेळेचं गणितही विसरता येत नाही. विभाग, तांत्रिक तपासणी, अभ्यासक्रम समिती, विश्वस्त मंडळ आणि चॅन्सेलर कार्यालयाचा नियंत्रण क्रमांक एवढं झाल्यावर सामान्य शिक्षणाच्या मान्यतेसाठी प्रस्ताव वर्षातून एकदा, डिसेंबरच्या सुमारास जातो. निकाल वसंतात येतो आणि अंमल पुढच्या फॉलपासून होतो. समितीच्या ऑक्टोबरच्या बैठकीत एका घटकासाठी परत आलेली रूपरेषा त्या डिसेंबरला मुकली, तर विद्यार्थ्याचं पूर्ण वर्ष जातं, आणि त्या वर्षी तो कोर्स केलेल्यांना ती मान्यता बहुधा मागून लागू होत नाही.