रात्री भाकरी कमी केली, तरी सकाळी साखर जास्त कशी?

सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्यांत साखरेचा विषय निघाला नाही असा दिवस जात नाही. विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते: "रात्री अर्धीच भाकरी खाल्ली, गोड तोंडालाही लावलं नाही, आणि सकाळी मशीन दाखवतंय १६०!" लगेच शेजारचे कुणीतरी सल्ला देतात, "मग रात्रीचं जेवणच बंद करून बघा." सल्ला आपुलकीनंच दिलेला असतो. पण तो चुकीचा आहे, आणि काही औषधं चालू असलेल्यांसाठी धोक्याचाही आहे. उपाशीपोटी दिसणारा हा आकडा रात्रीच्या ताटातून कमी आणि आपल्याच यकृतातून जास्त आलेला असतो.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी चार-पाच ग्रॅमच साखर असते, म्हणजे चहाचा एक चमचा. इकडे एकटा मेंदू तासाला पाचेक ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे रक्तातली हीच साखर, वापरतो, अगदी झोपेतसुद्धा. रात्री नऊला जेवलेलं अन्न एक-दोन वाजेपर्यंत बहुतेक शोषून झालेलं असतं. त्यानंतर उजाडेपर्यंत मेंदूला ग्लुकोज पुरवायचं काम यकृताचं. जेवणानंतरचं जादा ग्लुकोज यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. असा शंभरेक ग्रॅमचा साठा त्यात मावतो, आणि रात्री तो थोडा थोडा मोडून रक्तात सोडला जातो. शिवाय स्नायूंकडून आलेलं लॅक्टेट, प्रथिनांमधली अमिनो आम्लं, चरबीतलं ग्लिसरॉल यांच्यापासून यकृत नवं ग्लुकोज तयारही करतं. साखर फक्त वनस्पतीच बनवू शकतात असं एके काळी शास्त्रज्ञही मानत. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८४८ मध्ये प्राण्यांचं यकृतही साखर बनवतं हे दाखवून दिलं, तेव्हा ही समजूत मोडली.

हा पुरवठा थोडाथोडका नाही. ६० किलो वजनाच्या माणसाचं यकृत उपाशी असताना तासाला सात ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज रक्तात सोडतं. आठ तासांच्या रात्रीत हे पन्नास-साठ ग्रॅम होतात. निरोगी शरीरात तेवढंच वापरलं जातं, म्हणून पातळी हलत नाही.

उसाला पाणी पाजताना दारं धरणारा माणूस लागतो. सरी भरली की तो पाणी पुढच्या सरीला घेतो. तोच बांधावर झोपला तर पाणी वाहत राहतं. यकृताचं दारं धरायचं काम इन्सुलिनचं. टाइप २ मधुमेहात एक तर इन्सुलिन कमी पडतं, नाहीतर असलेल्या इन्सुलिनला यकृत दाद देत नाही. बऱ्याचदा दोन्ही गोष्टी एकदमच असतात. मग रक्तात साखर पुरेशी असतानाही यकृत आणखी सोडतच राहतं.

त्यात पहाटेची भर पडते. झोपेत वाढ-संप्रेरक (ग्रोथ हार्मोन) स्रवतं, आणि पहाटे तीन-चारपासून कॉर्टिसॉल चढायला लागतं. शरीर उठायच्या तयारीला लागतं ते असं. ही दोन्ही संप्रेरकं इन्सुलिनच्या विरुद्ध काम करतात. मधुमेह नसलेल्या माणसाचं स्वादुपिंड अशा वेळी थोडं इन्सुलिन वाढवून तोल सांभाळतं. मधुमेहात ते जमत नाही, आणि तीन ते आठच्या दरम्यान साखर वर सरकते. डॉक्टर याला 'डॉन फिनॉमेनन' म्हणतात. लुई मोनिए या फ्रेंच डॉक्टरांच्या गटानं २०१३ मध्ये टाइप २ च्या रुग्णांना सतत साखर मोजणारे सेन्सर लावून हे तपासलं. निम्म्याच्या आसपास रुग्णांत पहाटेची चढण २० मिलिग्रॅमहून जास्त होती (मीटरवरचे आकडे म्हणजे १०० मिलिलिटर रक्तातले मिलिग्रॅम), आणि तिच्यामुळे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा, सरासरी ०.४ टक्क्यानं वाढत होतं. एखाद्या गोळीनं होणारी घट निम्मी खाऊन टाकायला एवढी वाढ पुरते.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंची वही मी पाहिली आहे. रात्री शाळूच्या दोन भाकरी खाणाऱ्या काकू एकीवर आल्या, मग नुसत्या ताकावर. सकाळचा आकडा १५८ चा १६५ झाला. काकू रडकुंडीला आल्या होत्या. सुनेनं चोरून खाल्ल्याचा संशय बोलून दाखवला होता, आणि तो त्यांना साखरेपेक्षा जास्त लागला होता. त्यांच्या डॉक्टरांनी एकाच रात्रीत तीनदा मोजायला सांगितलं. झोपताना १३८, पहाटे तीनला १३१, सहाला उठल्यावर १६४. आणखी एक-दोन रात्री असंच दिसलं. काकूंचं जेवण तीन वाजेपर्यंत केव्हाच जिरलं होतं. वाढ झाली ती नंतर, अंथरुणात पडल्या पडल्या. घरातल्या सगळ्यांना ही तीन आकड्यांची ओळ दाखवली पाहिजे असं मला तेव्हा फार वाटलं. कारण मधुमेहाच्या माणसावर खाण्यावरून संशय घेणं आपल्याकडे अगदी सर्रास चालतं, आणि संशय घेणाऱ्याला आपण काळजीच करतोय असं वाटत असतं.

पहाटे तीनचं हे मोजमाप आणखी एका कारणासाठी मोलाचं आहे. मायकेल सोमोजी या मूळच्या हंगेरीतल्या, पण अमेरिकेत काम करणाऱ्या संशोधकानं १९३८ मध्ये एक शक्यता मांडली होती: रात्री साखर फार उतरली, तर शरीर घाबरून यकृताकडून साखर ओतवून घेतं आणि सकाळी उलट जास्त आकडा दिसतो. नंतर सेन्सर लावून केलेल्या अभ्यासांत मात्र असं क्वचितच दिसलं. रात्री साखर उतरलेल्यांचा सकाळचा आकडाही बहुतेक वेळा कमीच असतो. तरीही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, रात्री घामानं कपडे भिजत असतील, वाईट स्वप्नं पडत असतील, उठल्यावर डोकं जड वाटत असेल, तर तीनला उठून बोट टोचावंच. ७० च्या खाली आकडा आला तर सकाळची वाट बघत बसू नये. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

रात्रीचं जेवण बंद करायच्या सल्ल्यातला धोका हाच. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं, तुम्ही जेवलात की नाही हे न बघता. गोळी घेतली आणि ताट टाळलं, तर मध्यरात्री साखर कोसळू शकते. एकटं राहणाऱ्या वयस्कर माणसाच्या बाबतीत तर हे जिवावर बेतू शकतं.

"मी तर काटकुळा, मला कशी साखर?" असंही पुष्कळ जण विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडच्या माणसाच्या हातापायाकडे बघून पोटातल्या चरबीचा अंदाज येत नाही. ही चरबी यकृतात साठली, की ते इन्सुलिनला जुमानत नाही आणि सकाळचा आकडा चढा राहतो.

झोपेचा मुद्दा आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. शेतीला एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या लाईटीत पाणी पाजायला गेलेला माणूस पहाटे घरी येतो, दोन-तीन तास डोळा लागतो, आणि उठून साखर मोजतो. साखर कारखान्यातल्या रात्रपाळीचंही तसंच. शिकागोमध्ये १९९९ साली झालेल्या एका प्रयोगात ११ तरुण, निरोगी पुरुषांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. तेवढ्यानं त्यांच्या शरीराची साखर हाताळायची क्षमता स्पष्टपणे घटली. मधुमेह नसलेल्या तरुणांची ही गत, तर पन्नाशीतल्या, आधीच औषधावर असलेल्या शेतकऱ्याचा आकडा जागरणानं वाढला यात नवल ते काय? डॉक्टरांना मात्र हे कुणी सांगत नाही. 'रात्रीची लाईट' एवढे दोन शब्द वहीत त्या तारखेपुढे लिहिले, तरी आकड्याचा अर्थ बदलतो. गोळी वाढवायची की नाही हा निर्णयही त्यावरून बदलू शकतो.

लॅबचंही बघू. जतहून किंवा आटपाडीहून कुणी पहाटे चारला उठून, पहिली एसटी धरून मिरजेला येतं. रांगेत बसतं, आणि रक्त द्यायला साडेदहा वाजतात. तोवर पोटात काही नाही, सकाळची गोळीही नाही, आणि पहाटेपासून संप्रेरकांचा जोर चालू. घरी सहाला मोजलं असतं तर १४० आलं असतं, लॅबमध्ये १६० येतं. दोन्ही आकडे खरेच. उपाशीपोटीच्या तपासणीला आठ तास पुरतात. चौदा तास उपाशी राहिल्यानं ती जास्त अचूक होत नाही. पाणी चालतं. चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही, कारण दुधातही साखर असते.

घरच्या मीटरबद्दल दोन गोष्टी. त्याला आंतरराष्ट्रीय मानकानं काही सूट दिलेली आहे: १०० च्या वरच्या शंभरातल्या ९५ मोजमापांत लॅबपेक्षा १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे खरी साखर १५० असेल तर मीटर १२८ दाखवू शकतं किंवा १७२ सुद्धा. काकूंच्या १५८ आणि १६५ मध्ये खरं तर फरक नव्हताच. कालच्यापेक्षा सात वाढले म्हणून दिवसभर झुरण्यात अर्थ नाही. दोन आठवड्यांचे आकडे ओळीनं बघावेत.

दुसरी गोष्ट हातांची. आजच्या बहुतेक मीटरना अर्धा ते एक मायक्रोलिटर रक्त पुरतं. साखर १०० असताना अर्ध्या मायक्रोलिटरमध्ये ग्लुकोज असतं अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग. तेवढंच ग्लुकोज बोटाला चिकटलेलं असेल, तर आकडा थेट दुप्पट. द्राक्षात जवळजवळ निम्मी साखर हीच असते. जपानमध्ये निरोगी माणसांना द्राक्षं, संत्री, किवी सोलायला देऊन तसंच बोट टोचलं, तेव्हा आकडे भलतेच वर गेले. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसूनही ते पूर्ण उतरले नाहीत; नळाच्या पाण्यानं हात धुतल्यावर मात्र बरोबर आले. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्यांनी हे नीट ध्यानात ठेवावं. गुळानं आकडा एवढा फसत नाही, कारण गुळात बहुतांश सुक्रोज ही वेगळी साखर असते आणि पट्टीतलं विकर (एन्झाइम) ती पकडत नाही. पण थोडं ग्लुकोज गुळातही असतंच, तेव्हा गुऱ्हाळावरही हात धुवायचेच. धुऊन कोरडे करायचे, नाहीतर पाण्यानं थेंब पातळ होऊन आकडा खोटा कमी येतो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावावं, पावसाळ्यात तर नक्कीच. दमटपणानं पट्ट्या खराब होतात.

मग सकाळचा आकडा उतरवायचा कसा? जेवण टाळण्यापेक्षा लवकर जेवणं बरं. दहाऐवजी साडेसात-आठला जेवलं आणि त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं चाललं, तर स्नायू साखर ओढून घेतात आणि झोपायच्या आधीच पातळी खाली येते. टीव्ही बघता बघता भडंगाची वाटी जवळ ओढायची सवय मात्र खरोखर सोडायला हवी. चुरमुरे झटकन पचतात आणि किती खाल्ले ते कळतही नाही. वजन थोडं उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते, आणि सकाळच्या आकड्यावर ते दिसतं.

बाकीचं काम औषधाचं. मेटफॉर्मिन या गोळीचा मुख्य परिणाम यकृतावरच होतो, म्हणून काहींना डॉक्टर ती रात्रीच्या जेवणाबरोबर देतात. हलवल्यावर दुधी दिसणारं एनपीएच इन्सुलिन टोचल्यापासून चार ते दहा तासांत सर्वांत जोरात असतं. आठला घेतलं तर पहाटे, ऐन गरजेच्या वेळी, त्याचा जोर ओसरू लागलेला असतो आणि मध्यरात्री साखर उतरायची भीती असते. अशा वेळी डॉक्टर वेळ बदलतात किंवा दुसरं इन्सुलिन सुचवतात. हे बदल ज्याच्या त्याच्या रात्रीवर अवलंबून असतात. शेजाऱ्याची वेळ आपल्याला लावून चालत नाही. काकूंची मेटफॉर्मिन अशीच डॉक्टरांनी रात्रीकडे वळवली, भाकरी परत ताटात आली, जेवण आठला होऊ लागलं. आता सकाळी १४० च्या आसपास असतं. बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० हे लक्ष्य धरतात. वय, इतर आजार आणि साखर उतरण्याचा धोका बघून डॉक्टर ते सैल करतात.

डॉक्टरांकडे जाताना फक्त सकाळच्या आकड्यांची यादी नेऊ नये. आठवड्यातल्या दोन-तीन दिवसांचे जेवणानंतर दोन तासांचे आकडे, एखाद्या रात्रीचे झोपतानाचे आणि पहाटे तीनचे, त्यापुढे जेवणाची आणि झोपेची वेळ, आणि गोळी किती वाजता घेतली, एवढं एका पानावर मावतं.