मानमोडी, 'ताप'चा रकाना आणि स्वाईन फ्लू : मृत्यूच्या आकड्यांची पार्श्वभूमी

1918 च्या इन्फ्लुएंझाच्या (फ्लूच्या) साथीत अमुक जिल्ह्यात इतके गेले, तमुक जातीत इतके गेले असे आकडे फिरत असतात, पण ते वापरायच्या आधी मृत्यूचं रजिस्टर कसं भरलं जायचं ते बघायला हवं. गावात कोणी गेलं की पाटील-कुलकर्णी नोंद करणार, आणि त्यांच्याकडे रकाने ठरलेले: कॉलरा, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे रोग, इजा, आणि उरलेलं सगळं 'इतर'. इन्फ्लुएंझाला रकानाच नव्हता. लोक मानमोडी म्हणायचे, काही ठिकाणी युद्धज्वर म्हणायचे, पण कागदावर तो 'ताप'.

आता गंमत अशी (गंमत म्हणणं बरोबर नाही, पण असो) की साध्या वर्षीसुद्धा सगळ्यात मोठा रकाना हाच असायचा. मलेरिया, विषमज्वर, बाळंतरोग, जे कळलं नाही ते सगळं तापात. मग मानमोडीचे मृत्यू मोजायचे कसे, तर आधीच्या वर्षांची सरासरी काढायची, ती 1918 च्या आकड्यातून वजा करायची आणि उरलेले साथीच्या नावावर टाकायचे. ऐकायला सरळ आहे, पण पावसाळा संपला की मलेरियाचा सीझन असतो, नेमकी तेव्हाच दुसरी लाट आली, आणि त्या वर्षी पाऊसच पडला नव्हता म्हणजे मलेरिया कमी असायला हवा, तरी आपण सरासरीचा मलेरिया वजा करतोय. म्हणजे साथीचे बळी कमी दिसणार. उलट दुष्काळात उपासमारीने जे खंगून गेले तेही तापातच लिहिले गेले असतील, त्यामुळे जास्त दिसणार. त्यात कितीतरी गावांत नोंद करणारेच आजारी पडले किंवा गेले, रजिस्टर कोरं राहिलं.

म्हणूनच देशभराचा आकडा कधी स्थिर झाला नाही. सुरुवातीला 50-60 लाख म्हणत होते, 1921 च्या जनगणनेनंतर सव्वा कोटीच्या आसपास आला, पुढे अभ्यासकांनी 1.7-1.8 कोटीपर्यंत नेला आणि 2012 मध्ये एका नव्या पद्धतीने तो 1.4 कोटीच्या जवळ खाली आला. मला स्वतःला मधला आकडा पटतो, पण त्यावर भांडणार नाही.

जिल्ह्याचं उदाहरण घ्या. 1911 ते 1921 मध्ये नगर जिल्ह्याची लोकसंख्या पाचव्या हिश्श्याहून जास्त घटली. लगेच सगळं मानमोडीवर ढकलायचा मोह होतो, पण त्याच दहा वर्षांत प्लेग आहे, 1918 चा दुष्काळ आहे, 1920 ला परत पाऊस दगा देतो, आणि 1921 च्या मार्चमध्ये शिरगणती झाली तेव्हा कितीतरी माणसं पोटासाठी गाव सोडून गेलेली. गेलेला आणि 'गेलेला' यात जनगणना फरक करत नाही. आजच्या अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या त्या दशकात 2.91 टक्क्यांनी घटली, तिथेही हाच घोळ.

मुंबई शहराचा हिशोब जरा बरा, कारण तिथे महापालिकेची नोंद होती. जूनमध्ये गोदीवरच्या पोलीस शिपायांपासून सुरू झालेली पहिली लाट तशी सौम्य गेली, सप्टेंबरची मात्र भयंकर, 6 ऑक्टोबरला एका दिवसात 768 मृत्यू. हजारी मृत्यू बघितले तर तेव्हा ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणून मोजलं त्यांच्यात 61.6, बाकीच्या हिंदूंत 18.9, मुसलमानांत 19.2, पारशांत 9 आणि युरोपियनांत 8.3. दुष्काळामुळे घाटावरून माणसं मुंबईत येत होती, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागायचं ती जुनी आणि मरणाऱ्यांत नवे आलेलेही, त्यामुळे 61.6 थोडा फुगलेला असू शकतो. पण हे कारण पुढे करून ती दरी पुसता येत नाही, तिप्पट फरक निव्वळ भागाकारातून येत नसतो. एका खोलीत दहा माणसं, धान्य महाग, दूध नाही, आजारी पडलं तर मजुरी बंद. बायकांचंही तसंच, 20 ते 40 वयात पुरुषांपेक्षा त्या जास्त गेल्या, कारण घरातल्या सगळ्यांचं त्यांनीच केलं आणि त्यांचं करायला कोणी उरलं नाही.

सरकारने सक्ती फारशी केली नाही, 1897 ला पुण्यात प्लेगच्या झडत्यांचा शेवट प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडण्यात झाला होता ते विसरलं नव्हतं.

1957 ची फ्लूची साथ जहाजातून मद्रासला उतरली आणि देशभर पसरली, पेशंट 44 लाखांवर, नोंदलेले मृत्यू मात्र 1,100 च्या आत. 1968 ची तर घरच्या गोष्टींतही ऐकू येत नाही.

2009 मध्ये स्वाईन फ्लूच्या साथीत रकाना आला, पण लॅबचा. 3 ऑगस्टला पुण्यात 14 वर्षांची शाळकरी मुलगी गेली, देशातला पहिला नोंदलेला मृत्यू, आणि मग शाळा-थिएटरं बंद, तपासणीला रांगा, रुमालात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या. त्याच महिन्यात ए, बी, सी अशा कॅटेगरी करून फक्त सीरियस पेशंटची टेस्ट करायची असं ठरलं. लॅबवरचा लोड बघता दुसरा मार्ग नव्हता असं काहींचं म्हणणं, पण यामुळे साधे पेशंट मोजणीतून गेले आणि मृत्यूदर उगाच मोठा दिसायला लागला. शिवाय टेस्ट जिथे जवळ, तिथे मृत्यू जास्त 'सापडणार'. पुणे इतकं वर का होतं याचं निदान काही उत्तर इथे आहे असं मला वाटतं. जगात टेस्टने सिद्ध झालेले मृत्यू साधारण 18,500, आणि नंतरचा अंदाज 2 लाख 84 हजार, म्हणजे पंधरा पट. देशात 2009 मध्ये 981 आणि 2010 मध्ये 1,763, पण 2010 ला टीव्हीवाले कधीच दुसरीकडे गेले होते.

महाराष्ट्रात 2015 मध्ये स्वाईन फ्लूने 905 गेले, 2017 मध्ये 778. हे दोन्ही आकडे महासाथीच्या हिशोबात धरत नाहीत, कारण कागदोपत्री ती ऑगस्ट 2010 लाच संपलीय.