अँजिओग्राफी नॉर्मल, तरीही छातीत कळ

1959 साली अमेरिकन हृदयतज्ज्ञ मायरन प्रिन्झमेटल यांनी एका वेगळ्याच अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने येणाऱ्या छातीतल्या कळेचं, वर्णन केलं. या रुग्णांना जिना चढताना काही होत नसे, पण स्वस्थ पडलेलं असताना, बहुतेकदा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे छातीत कळ येई. त्या क्षणी ईसीजीमध्ये हार्ट अटॅकसारखे बदल दिसत आणि कळ ओसरली की तेही नाहीसे होत.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीत स्नायू असतो. पोटरीत गोळा यावा तसा तो अचानक आवळला, की रक्ताची वाट काही मिनिटं जवळजवळ बंद होते. प्रिन्झमेटल यांचा अंदाज असाच होता. पुढे 1970च्या दशकात इटलीत अत्तिलिओ मासेरी यांच्या गटाने कळ सुरू असतानाच अँजिओग्राफी करून आवळलेली धमनी दाखवली.

धमनी का आवळते? तिचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून स्नायूला सैल ठेवतं. धूम्रपानाने हे अस्तर बिघडतं आणि स्नायूही अतिसंवेदनशील झालेला असेल, तर थंडी किंवा मानसिक ताण एवढंही निमित्त पुरतं. अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन निरोगी धमनीला रुंद करतं, पण अशा धमनीला आवळतं. जपानमध्ये हिरोफुमी यासुए यांनी यावरूनच निदानाची चाचणी विकसित केली. ती कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होते.

म्हणून ‘ब्लॉकेज नाही, म्हणजे गॅस असेल’ असं म्हणून रुग्णाला घरी पाठवणं मला धोक्याचं वाटतं. आवळलेपण लांबलं तर खराखुरा हार्ट अटॅक येऊ शकतो, हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. शिवाय धमनीत चरबीचा थर असला, तरी त्याच जागी ती आवळू शकते. म्हणजे दोन्ही आजार एकत्रही नांदतात.

कळ किती वाजता येते, बसल्या-झोपल्या येते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. कळ थांबत नसेल तर घरी वाट न पाहता इस्पितळ गाठावं. तिथे कळ असतानाच काढलेला ईसीजी फार मोलाचा ठरतो. उपचारात डिल्टियाझेमसारखी कॅल्शियम रोखणारी औषधं आणि धमनी सैल करणारी नायट्रेट गटातली औषधं उपयोगी पडतात. मात्र प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गटातल्या काही औषधांनी त्रास वाढू शकतो. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने एकदम बंद केल्या, तर धमनी पुन्हा जोराने आवळू शकते. आणि सिगारेट, बिडी सोडावीच लागते.